सोमाबाबांचा राब आणि माझी जाळरेषा

जंगलात नोकरी केली म्हटलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग बिबट्या पाहिलात का?" पाहिला. उसात पाहिला, विहिरीत पाहिला, एकदा एका मळ्यात खाटेखाली झोपलेला पाहिला. या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनाही बिबट्याच हवा होता. मी म्हटलं, बाई, बिबट्यावर लिहिणारे पुष्कळ मिळतील, मी वणव्यावर लिहितो. त्यांचा आवाज जरा उतरला, पण हो म्हणाल्या. माझ्या मनात काय लिहायचं होतं ते मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित माझाच धीर सुटला असता.

मी वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. वनरक्षकाला लोक गार्ड म्हणतात. एका गार्डाकडे जंगलाचा एक तुकडा असतो, त्याला बीट म्हणतात. नाशिकच्या पश्चिमेला, इगतपुरी आणि त्र्यंबक यांच्यामधल्या डोंगरात माझं बीट होतं. त्याच्या पायथ्याला एक पाडा होता. पाड्याचं नाव इथे लिहीत नाही. एकदा मी त्या पाड्याबद्दल कागदावर लिहिलं होतं, तेवढं पुरे झालं.

आधी वणवा म्हणजे काय ते सांगतो. शहरातल्या माणसाने टीव्हीवरचा वणवा पाहिलेला असतो, या शेंड्यावरून त्या शेंड्यावर उड्या मारणारा. आपल्याकडचा वणवा गुडघ्याएवढा असतो. गवत आणि पाचोळा खात तो जमिनीवरून सरकतो, चढाला पळतो, उताराला रेंगाळतो. मोठा साग, मोठा ऐन त्याला दाद देत नाहीत. बुंधा काळा होतो आणि पावसाळ्यात झाड परत हिरवं. रस्त्यावरून जाणारा म्हणतो, कुठे काय झालं, जंगल तर जागेवर आहे. पण मोठी झाडं म्हणजे घरातली म्हातारी माणसं. वीतभर उंचीची रोपं, मातीतलं बी, गवतातली पाखरांची अंडी, बिळात न शिरलेली घोरपड, हे सगळं एका दुपारात संपतं. दरसाल असंच होत राहिलं तर म्हातारी तेवढी उरतात, आणि एक दिवस तीही जातात. शिवाय माती उघडी पडते. आमच्याकडचा पाऊस कसा असतो ते इगतपुरीच्या माणसाला विचारा. उघडी माती तो आठवड्याभरात ओढ्याला लावतो. मग डोंगर पाणी धरत नाही, चैत्रापर्यंत चालणारा झरा पौषातच आटतो, आणि बायकांची हंड्यांची वाट लांबते.

दुसरी गोष्ट, आमच्या जंगलात वणवा आपोआप लागत नाही. बांबूवर बांबू घासून ठिणगी पडते वगैरे मीही सांगायचो, वरचे साहेब फार खोदून विचारायला लागले की. खरं सांगायचं तर प्रत्येक वणव्यामागे एक माणूस असतो. कुणी मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतो. कुणाला वाटतं, गवत जाळलं की पुढच्या साली जास्त येतं. कुणी मधाचं पोळं काढून पेटता पलिता तिथंच टाकून येतो. एकदा नाशिकहून एका मंडळाचे लोक बॅनर घेऊन झाडं लावायला आले. झाडं लावली, फोटो काढले, मग भूक लागली म्हणून तीन दगड मांडून भरताची वांगी भाजली. त्या चुलीने आदल्या वर्षी लावलेली सगळी रोपं खाल्ली. दुसऱ्या दिवशी बातमी आली ती फक्त झाडं लावल्याची.

आणि एक गृहस्थ असाही भेटला. सिन्नरकडचा मेंढपाळ, चढ चढून आमच्या चौकीवर आला आणि म्हणाला, "साहेब, ते वरलं कुरण पेटलं ना, ती माझी बिडी. मी विझवायला गेलो पण नाय आवरलं. काय लिहायचं ते लिवा." आग किरकोळ होती. मी त्याला अर्धा तास झापला. बिडी कशी विझवावी, जंगल कुणाच्या बापाचं नाही, वगैरे. तो मान खाली घालून ऐकत होता. तो गेल्यावर माझ्या मनात आलं, हा मूर्ख आहे, कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. आज तो माणूस आठवला की मला माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

आता जाळरेषा. आग अडवायची तर तिच्या वाटेत खायला काही ठेवायचं नाही, एवढं साधं शास्त्र आहे. जंगलातून, डोंगराच्या सोंडेवरून, रस्त्याच्या कडेने एक रुंद पट्टा आखायचा. पावसाळ्यानंतर त्यातलं गवत कापायचं, सुकू द्यायचं, आणि आजूबाजूचं गवत अजून ओलसर आहे तोवर कापलेलं जाळून टाकायचं. म्हणजे उन्हाळ्यात आग या पट्ट्याशी आली की उपाशी मरते. हे काम माघ संपायच्या आत व्हावं लागतं, आणि पहाटे व्हावं लागतं, वारा निजलेला असतो तेव्हा. जाळरेषा उशिरा जाळणं म्हणजे कोठाराच्या दारात शेकोटी करणं.

त्या वर्षी माझी जाळरेषा उशिरा झाली. खरं तर झालीच नाही. पाड्यावरचे सगळे हात द्राक्षांच्या बागांत गेले होते, दिंडोरीकडे, निफाडकडे. तिथे घड कापायची घाई असते आणि रोज चांगला मिळतो, माझ्याकडे कोण येणार. गवत कापून झालं होतं, जाळायचं राहिलं होतं. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता दिवस गेले, आणि महिनाअखेरच्या अहवालात मी लिहून टाकलं, जाळरेषा पूर्ण. मनात म्हटलं, करीनच की चार दिवसांत. नोकरीला तेव्हा चौथं वर्ष चालू होतं. लग्न नुकतंच झालेलं, आणि कायम झाल्याचा कागद अजून हातात पडायचा होता.

सोमाबाबा आमचे फायर वॉचर होते. उन्हाळ्याचे चार महिने डोंगरावर उंच जागी बसायचं, धूर दिसला की शिट्टी फुंकायची, खाली पाड्याला कळवायचं, असं ते काम. कुणी तरी जुन्या गार्डाने त्यांना एक पितळी शिट्टी दिली होती. ती ते गळ्यात घालायचे, आंघोळीलासुद्धा काढायचे नाहीत असं त्यांची सून हिराबाई सांगायची. वय पंचावन्नच्या आसपास, माझ्या वडिलांएवढं. मी त्यांना अरे सोमा म्हणायचो. ते मला साहेब म्हणायचे, अहोजाहो करायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

आग कशी लावायची आणि कशी मारायची, ते मला प्रशिक्षणात नाही, सोमाबाबांनी शिकवलं. हिरवी डहाळी घ्यायची, पण झोडपायचं नाही. झोडपलं की ठिणग्या उडतात. डहाळी आगीवर दाबायची आणि जळालेल्या बाजूला ओढायची. आग लावायची ती वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे ती मागे मागे हळू जाते आणि आपल्या ताब्यात राहते. आणि एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. पेटवणाऱ्याने राखेत उघडा हात ठेवून बघायचा. हात ठेववला तर उठायचं, नाही तर बसून राहायचं. "धूर गेला म्हंजे आग गेली असं नाय, साहेब. ती खाली निजलेली असती."

हे ते राब भाजताना शिकले होते. आमच्या डोंगरात भात आणि नागली, म्हणजे नाचणी, आधी एका वाफ्यात पेरतात आणि मग रोप उपटून लावतात. त्या वाफ्यावर फांद्या, पाला, शेण, गवत रचून वर माती पसरतात आणि जाळतात. तणाचं बी मरतं, रोप जोमदार येतं. याला राब म्हणतात. खात्यातल्या लोकांचा राबावर फार राग. कुठेही वणवा लागला की पहिलं बोट राबाकडे. आणि खरंच, हलगर्जी माणसाच्या राबाने जंगलं जळतातही. पण सोमाबाबा राब भाजायच्या आधी वाफ्याभोवती चार हात जागा झाडून घ्यायचे, पाण्याचे हंडे भरून ठेवायचे, आणि कोंबडा आरवायच्या वेळी पेटवून ऊन वर येईपर्यंत राखेत हात घालून बघत बसायचे. त्यांच्या राबाची ठिणगी कधी बांधापलीकडे गेली नाही.

होळी झाली आणि दोन दिवसांनी निरोप आला, मोठे साहेब जाळरेषा बघायला येताहेत, दुपारी. पाड्यावर शिमग्याचे पाच दिवस चालू होते, कामाला कुणी येणार नव्हतं. मी काडेपेटी घेऊन डोंगरावर गेलो तेव्हा दहा वाजून गेले होते. सोमाबाबा त्यांच्या जागेवर होते. मला बघून खाली उतरले.

"साहेब, आज नका पेटवू. वारा खालून वर चढतो हाय."

"साहेब येताहेत दुपारी."

"येऊ द्या. त्यांना म्हना, राहिलं. उद्या पहाटं आपुन दोघं करू, मी सुनंला बी घेतो."

"सोमा," मी म्हणालो, "साहेब तू का मी?"

ते म्हणाले, "तुमीच." मी त्यांना पलीकडच्या सोंडेवर पाठवलं, तिकडे लक्ष ठेव म्हणून. खरं म्हणजे मला ते समोर नको होते.

वाऱ्याच्या तोंडावर लावली तर वेळ लागतो. म्हणून मी वाऱ्याच्या पाठीवर लावली. फरफर जळत गेली, मला बरंच वाटलं. डहाळीने कडा दाबत मी पट्ट्याच्या शेवटापर्यंत आलो. शेवटचा तुकडा अजून धुमसत होता, तेवढ्यात खाली रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. साहेब वेळेच्या आधी आले होते. मी शर्ट झटकला, टोपी नीट केली आणि खाली पळालो. राखेत हात ठेवून बघणं दूरच राहिलं, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

साहेबांना पाणी देत होतो तेव्हा शिट्टी ऐकू आली. थांबून थांबून नाही, एकसारखी.

आम्ही वर पोहोचलो तोवर सगळी सोंड पेटली होती. आग पट्ट्याच्या टोकातून निघाली होती आणि चढाला लागली होती. पाड्यावरचे लोक सणाचे कपडे अंगावर, तसेच पळत वर आले. पुरुष आले, बायका आल्या, हिराबाई पोटुशी होती ती खाली हंडे भरून देत राहिली. सोमाबाबा सगळ्यांच्या पुढे. कुणी कुठे उभं राहायचं, कुठे वणव्याच्या समोरून उलटी आग लावायची, ते ओरडून सांगत होते आणि मी, बीटाचा गार्ड, ते सांगतील ते करत होतो. ऊन कलताना आग मेली. सोमाबाबांचा डावा पाय घोट्याजवळ भाजला होता. दीडेक डोंगर काळा झाला होता. ज्या आवळ्यांच्या रोपांना मी दोन वर्षं काठ्या बांधत होतो ती जागा ओळखूसुद्धा येत नव्हती.

आणि उतरताना वाटेत सोमाबाबांचा राब होता. फांद्या आणि पाला रचून ठेवलेला, अजून महिनाभराने भाजायचा. वणव्याने जाता जाता तोही खाल्ला होता. नुसता काळा वाफा उरला होता.

साहेब तिथे थांबले. "आग कशी लागली?" त्यांनी विचारलं.

मी त्या काळ्या वाफ्याकडे बघितलं. माझ्या अहवालात जाळरेषा पूर्ण होती. पूर्ण झालेली जाळरेषा पेटू शकत नाही. मी म्हणालो, "राबाची वाटते, साहेब."

'वाटते' म्हणालो. पुष्कळ वर्षं मी या शब्दाच्या आडोशाला बसलो होतो, की मी ठाम काही म्हणालो नाही, नुसतं वाटते म्हणालो.

"कुणाचा राब?"

मी नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा लिहिला. सरकारी भाषेत मी चांगला होतो, अक्षरही वळणदार. सोमाबाबांचा कबुलीजबाबही मीच लिहिला. सोमाबाबा लंगडत चौकीवर आले, पायाला कसला तरी पाला बांधलेला. मी कागद पुढे केला. त्यांनी विचारलं, "काय लिवलंय, साहेब?"

मी म्हणालो, "काल विझवायला आलात ना सगळे, त्याची नोंद आहे. तुझं नाव पहिलं घातलंय."

ते हसले. बोटाला शाई लावताना म्हणाले, "माजं नाव सरकारात पयल्यांदाच गेलं." आणि अंगठा उमटवला.

हे वाक्य लिहायला मला बत्तीस वर्षं लागली. खोटं तर मी आयुष्यात पुष्कळ बोललो असेन. पण माझ्यावर विश्वास ठेवून पुढे केलेला अंगठा मी त्या माणसाच्याच विरुद्ध वापरला. मला लाज वाटते. याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

पुढचं लवकर सांगतो. कोर्टाचं बोलावणं आलं तेव्हा सोमाबाबा तो कागद घेऊन माझ्याकडेच आले, वाचून दाखवा म्हणून. त्यांना वाटलं, आग विझवल्याचं बक्षीस वगैरे असेल. मी वाचलं. ते म्हणाले, "पन माजा राब तं पेटवलाच नवता, साहेब." मी म्हणालो, "वरून झालंय ते. तू आता वाढवू नकोस. गुन्हा कबूल म्हण, लगेच सुटशील." ते म्हणाले, "तुमी सांगता तं म्हनतो."

तारखेला त्यांनी हो म्हटलं. थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा झाली. दिवसभर ते बाकावर ताठ बसून होते. पाणी प्यायला उठलं तर शिक्षा वाढेल अशी त्यांची समजूत. मी साक्षीदार म्हणून गेलो होतो, माझं काम पाच मिनिटांत झालं. मग मी समोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. वर तर्रीही मागून घेतली.

गुन्हा दाखल झालेला माणूस फायर वॉचर ठेवता येत नाही. मी सांगायच्या आधीच ते चौकीवर आले, शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि गेले. त्यांनी एक शब्द वाकडा काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या पावसाळ्यात त्यांना राबाशिवाय रोप टाकावं लागलं, आणि ते तणात गेलं.

पुढच्या वर्षी फाल्गुनात त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला आग लागली. कुणी लावली मला माहीत नाही. शिट्टी माझ्याकडे होती. मी ती फुंकत पाड्याकडे धावलो. लोक घराबाहेर आले. बांधावर उभे राहिले आणि डोंगराकडे बघत राहिले. कुणाच्या तोंडावर राग नव्हता. मी ओरडलो, "अरे चला की, बघताय काय?" कुणी हललं नाही. हिराबाईच्या कडेवर तान्हं पोर होतं. ती म्हणाली, "विझवायला आलं की नाव लिवता तुमी. आमी इथूनच बघतो."

तीन दिवस जळत होतं ते. आम्ही खात्याचे सहा जण होतो. वणवा विझवायला पाणी लागत नाही, माणसं लागतात, आणि माणसं मी घालवली होती. ज्या झऱ्याचं पाणी पाडा प्यायचा तो पुढच्या साली माघातच आटला. माझ्या एका काळ्या दुपारीपेक्षा माझ्या एका कागदाने जास्त जंगल जाळलं.

पुढे माझी बदली झाली, बढती झाली. गंमत अशी की माझ्या बोलण्यात ओघ होता, म्हणून वणवा टाळण्यावर शाळाशाळांतून भाषणं द्यायला मलाच पाठवायचे. मी सांगायचो, जाळरेषा वेळेवर काढा, गावाला विश्वासात घ्या. 'विश्वास' या शब्दाशी आलो की दर वेळी मी पाणी प्यायचो. पोरांना वाटायचं, सर दमले. निवृत्तीच्या समारंभात शाल, श्रीफळ आणि 'वनांचा खरा राखणदार' असं लिहिलेलं मानपत्र मिळालं. बायकोने ते हॉलमध्ये लावलं. मी महिन्याभरात काढून माळ्यावर टाकलं. तिने कारण विचारलं तेव्हा पहिल्यांदा मी हे कुणाला तरी सांगितलं. ती म्हणाली, "ते हयात आहेत का?"

मला माहीत नव्हतं. विचारायची हिंमत कधी केली नव्हती.

आता मी नाशिकमध्ये अंबडजवळ मुलाकडे राहतो. तो तिथल्या एका कारखान्यात आहे. या चैत्रात एक दिवस काही न ठरवता पहाटेच निघालो. पाड्यावर पोहोचलो तेव्हा उजाडत होतं आणि राब भाजायचं चाललं होतं. सगळे एकाच दिवशी, ओळीने, एकाचा विझला की दुसऱ्याचा. भोवती झाडून काढलेली जमीन, बाजूला हंडे, आणि मध्ये उभी राहून हिराबाई सगळ्यांना सांगत होती. आता ती वन समितीची अध्यक्ष आहे. मागाहून कळलं, आता उपग्रहावरून आगीचा निरोप तिच्या मोबाइलवर येतो, पण निरोप यायच्या आत पोरं पोहोचलेली असतात. इतक्यात त्या डोंगराला वणवा लागलेला नाही. मी गेल्यावर ते जंगल सुधारलं, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागलं.

सोमाबाबा एका वाफ्याशी उकिडवे बसले होते. फार वाकलेत, डोळ्यांना कमी दिसतं. मी शेजारी बसलो आणि नाव सांगितलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "साहेब. लय दिसांनी."

मी म्हणालो, "बाबा, तो वणवा माझ्या जाळरेषेने लागला होता. मी राख न बघता खाली पळालो होतो."

"ठावं हाय," ते म्हणाले. "मी वरून बघत व्हतो की."

"मग कोर्टात बोलला का नाहीत?"

"तुमची नोकरी नवी व्हती. लगीन झालेलं. मला वाटलं, तुमी म्हनता सुटशील तं सुटंन." मग म्हणाले, "पन त्या कागदाचं नाय आवडलं, साहेब. इझवल्याचा म्हनून अंगठा घेतला. तसं नको व्हतं. खरं सांगितलं असतं, की सोमा, माजी नोकरी जाती, तुजं नाव लिवतो, तं बी मी अंगठा दिला असता."

हिराबाई मागे येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे वळून म्हणालो, "ताई, मी सगळ्या पाड्यासमोर सांगतो. आत्ता सांगतो."

"तोंडानं सांगून काय करता?" ती म्हणाली. "लिवलं व्हतं कागदावर. कागदावरच खोडा."

आणि तिने एक हंडा माझ्यापुढे ठेवला. "तवर हा राब राखा. बाबांना आता वाकवत नाय."

मी राखेशी बसलो. ऊन वर येईपर्यंत चार वेळा हात ठेवून बघितला, चारही वेळा काढून घ्यावा लागला. सोमाबाबा शेजारी बसून होते. पाचव्या वेळी हात ठेववला.

नाशिकला परतल्यावर मी माझ्या जुन्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "काका, ते प्रकरण कधीच निकाली निघालंय. कागद आता कुठे असतील देव जाणे. सुखाने पेन्शन खाताय, कशाला उकरून काढता?" मी अर्ज दिला, त्याची पोच घेतली. पुढे काही होईल असं वाटत नाही. मग हा अंक समोर आला. हाही कागदच आहे. म्हणून त्या दिवशी लिहायला हवा होता तो पंचनामा इथे लिहितो.

मी, रामनाथ, तेव्हाचा वनरक्षक, लिहून देतो की होळीनंतर दोन दिवसांनी माझ्या बीटातील जाळरेषा मी स्वतः, एकट्याने, उन्हाच्या वेळी, वाऱ्याच्या पाठीवर पेटवली. ती आधीच पूर्ण झाल्याचं मी खोटं लिहिलं होतं. राख थंड झाली की नाही हे न बघता मी जागा सोडली. वणवा तिथून लागला. सोमाबाबांनी मला सकाळीच मना केलं होतं. त्यांचा राब त्या दिवशी पेटवलेला नव्हता, तो माझ्या आगीत जळाला. शिट्टी त्यांनी वाजवली. आग त्यांनी आणि पाड्याने विझवली. त्यांचा अंगठा मी खोटं सांगून घेतला.

खाली माझी सही आहे. अंक छापून आला की दिवाळीत तो घेऊन मी पाड्यावर जाणार आहे. या वेळी अंगठा मागायचा नाही. फक्त पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सोमाबाबांना वाचून दाखवायचं आहे.